न्यायाधीशांचा न्याय : न्यूरेंबर्गपासून हेगपर्यंत
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही एका चित्रपटाचा विषय निवडला, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आम्ही पेशाने डॉक्टर आहोत. चित्रपटाचे समीक्षक नाही आणि कायद्याचे पंडित तर मुळीच नाही. तथापि काही कलाकृती अशा असतात की, त्या एका व्यवसायाविषयी बोलता बोलता सर्वच सुशिक्षित व्यवसायांना जाब विचारतात. स्टॅन्ले क्रेमर यांनी १९६१ साली दिग्दर्शित केलेला 'जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग' हा त्यांपैकी एक होय. पटकथा ॲबी मान यांची. सुमारे तीन तासांचा हा कृष्णधवल चित्रपट बहुतांशी एका न्यायालयाच्या दालनातच घडतो. त्यात युद्धाची दृश्ये जवळजवळ नाहीत. आहेत ती शब्दांची, साक्षींची आणि कागदपत्रांची. आरोपीच्या पिंजऱ्यात सेनापती वा छळछावणीचे रखवालदार नाहीत. तेथे बसलेले आहेत चार जर्मन न्यायाधीश.

हिटलरच्या राजवटीत माणसे मारणाऱ्यांना शिक्षा व्हावी, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु ज्यांनी स्वतःच्या हाताने कुणाला चापट मारली नाही, जे कायद्याच्या पुस्तकाबाहेर एक पाऊल गेले नाहीत, ज्यांनी केवळ निकाल लिहिले आणि सह्या केल्या, त्यांना गुन्हेगार म्हणावे काय? चित्रपटाचा हा प्रश्न आहे. आज आम्ही तो ज्या देशात राहतो त्या नेदरलँड्सला लावून पाहणार आहोत, आणि शेवटी तो आपल्यालाही विचारणार आहोत.

प्रथम मूळ घटना पाहू. हा चित्रपट कल्पित असला तरी निराधार नाही. न्यूरेंबर्ग येथे प्रमुख नाझी नेत्यांवरील आंतरराष्ट्रीय खटला १९४६ मध्ये संपल्यानंतर अमेरिकन न्यायपीठांसमोर आणखी काही खटले चालले. त्यांपैकी एक कायदेपंडितांवरचा होता. मार्च १९४७ मध्ये तो सुरू झाला आणि डिसेंबर १९४७ मध्ये निकाल लागला. न्यायखात्याचे वरिष्ठ अधिकारी, सरकारी वकील आणि विशेष न्यायालयांचे न्यायाधीश मिळून १६ जणांवर आरोपपत्र होते. एकाने खटल्यापूर्वीच आत्महत्या केली, एकाचा खटला आजारपणामुळे पूर्ण होऊ शकला नाही. उरलेल्या १४ पैकी १० जण दोषी ठरले, चौघे निर्दोष सुटले. दोषींपैकी चौघांना जन्मठेप झाली. त्यांत फ्रान्झ श्लेगेलबर्गर हे काही काळ न्यायखात्याचा कार्यभार सांभाळलेले, ग्रंथलेखक म्हणून नावाजलेले विद्वान गृहस्थ होते. चित्रपटात बर्ट लँकेस्टर यांनी रंगविलेला विद्वान न्यायाधीश अर्न्स्ट यानिंग पाहताना त्यांची आठवण होते.

चित्रपटातील फेल्डेनश्टाइन प्रकरणामागेही सत्यकथा आहे. लिओ कात्झेनबर्गर हे न्यूरेंबर्गमधील चपलाबुटांचे व्यापारी आणि तेथील ज्यू समाजाचे प्रमुख होते. एका तरुण जर्मन स्त्रीशी संबंध असल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. दोघांनीही तो नाकारला. वंशशुद्धीच्या कायद्यात या आरोपाला देहदंड नव्हता. तेव्हा न्यायाधीश ओस्वाल्ड रोटहाउग यांनी युद्धकाळातील ब्लॅकआउटचा फायदा घेऊन गुन्हा करणाऱ्यांविरुद्धचा दुसरा कायदा त्याला जोडला आणि मार्च १९४२ मध्ये मृत्युदंड सुनावला. जून महिन्यात त्या वृद्ध गृहस्थाचा शिरच्छेद झाला. कायद्याचे एक कलम कमी पडले, म्हणून दुसरे शोधून काढले गेले. येथे बेकायदेशीर काय घडले, असे कुणी विचारील, तर त्याला कागदावर दोष दाखविणे कठीण आहे!

दुसरी गोष्ट आमच्या व्यवसायाची आहे, म्हणून ती अधिक सलते. चित्रपटात माँटगोमेरी क्लिफ्ट यांनी एका साध्या मजुराची भूमिका केली आहे. न्यायालयाच्या हुकुमाने त्याची सक्तीने नसबंदी झालेली आहे. जुलै १९३३ च्या कायद्यानुसार जर्मनीत 'आनुवंशिक आरोग्य न्यायालये' स्थापन झाली. प्रत्येक न्यायालयात तिघे बसत. एक न्यायाधीश आणि दोन डॉक्टर! म्हणजे त्या पीठावर बहुमत आमच्या व्यवसायाचे होते. या कायद्याखाली सुमारे ४,००,००० माणसांची नसबंदी करण्यात आली. रुग्णाचे हित पाहण्यासाठी ज्ञान मिळविलेल्या माणसांनी त्या ज्ञानाच्या आधारे कुणी जन्माला यावे आणि कुणी येऊ नये, याचा निवाडा केला.

चित्रपटाचा प्रामाणिकपणा असा की, तो दोष एकट्या जर्मनांवर ढकलून मोकळा होत नाही. मॅक्सिमिलियन शेल यांनी साकारलेला बचावपक्षाचा वकील अमेरिकन न्यायाधीशांनाच त्यांच्या देशाचे उदाहरण ऐकवतो. व्हर्जिनिया राज्यातील सक्तीच्या नसबंदीचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ साली वैध ठरविला होता, आणि तो निकाल ऑलिव्हर वेंडेल होम्स यांच्यासारख्या थोर मानल्या गेलेल्या न्यायाधीशाने लिहिला होता. या भूमिकेसाठी शेल यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले, ते योग्यच होते. कारण त्यांचा युक्तिवाद ऐकताना प्रेक्षकाला क्षणभर खरोखर उत्तर सापडत नाही.

उत्तर शेवटच्या दृश्यात येते. जन्मठेप झालेला यानिंग तुरुंगात आपल्याला शिक्षा देणाऱ्या वृद्ध न्यायाधीशाला भेटीस बोलावतो. ही भूमिका स्पेन्सर ट्रेसी यांची आहे. लाखो माणसांच्या हत्येपर्यंत हे प्रकरण जाईल अशी आपल्याला कल्पना नव्हती, हे तुम्ही तरी मान्य करा, अशी त्याची विनवणी असते. त्यावर न्यायाधीश शांतपणे सांगतो की, निर्दोष आहे हे ठाऊक असलेल्या माणसाला तू पहिल्यांदा मृत्युदंड दिलास, तेव्हाच ते तेथवर गेलेले होते. चित्रपटाचे सारे सार या उत्तरात आहे. प्रश्न शेवटच्या पातकाचा नसून पहिल्या सहीचा आहे.

बंधूंनो, आता आपण न्यूरेंबर्गहून हेगला येऊ. जर्मन न्यायाधीश तर नाझी राजवटीतच नांदत होते. पण ज्या देशाला लोकशाहीची, सहिष्णुतेची, आंतरराष्ट्रीय कायद्याची परंपरा होती, त्या देशाचे न्यायाधीश परकीय टाचेखाली कसे वागले? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास नेदरलँड्सएवढे योग्य ठिकाण नाही.

मे १९४० मध्ये जर्मनीने हा देश व्यापला. राणी आणि मंत्रिमंडळ लंडनला गेले. प्रशासन मागेच राहिले, न्यायालयेही राहिली. देशाचे सर्वोच्च न्यायालय 'होखे राड' या नावाने ओळखले जाते आणि ते हेगमध्ये आहे. त्या वेळी त्याचे अध्यक्ष होते लोडेवाइक एर्न्स्ट फिसर, एक ज्यू धर्मीय विद्वान. ऑक्टोबर १९४० मध्ये सर्व सरकारी सेवकांकडे एक छापील नमुना आला. त्याचे दोन प्रकार होते. आपण ज्यू नाही असे जाहीर करणाऱ्याने 'अ' नमुना भरायचा, ज्यू असणाऱ्याने 'ब' नमुना. एवढेच. कुणाला मारण्याचा हुकूम नव्हता, कुणाला पकडण्याचा नव्हता. नाव, आजी-आजोबांचा धर्म आणि खाली सही.

सर्वोच्च न्यायालयात या नमुन्यावर चर्चा झाली. धर्म वा वंश पाहून नोकरीत भेद करणे देशाच्या राज्यघटनेशी विसंगत आहे, हे त्या दालनातील विद्वानांना कुणी शिकविण्याची गरज नव्हती. तरीही बहुमताने सही करावी असे ठरले आणि नमुने भरले गेले. नोव्हेंबर महिन्यात ज्यू सेवकांना कामावरून दूर करण्याचा आदेश आला. त्यात न्यायालयाचे अध्यक्षही होते! मार्च १९४१ पासून त्यांना रीतसर सेवामुक्त करण्यात आले. ज्यांनी त्यांच्यासोबत वर्षानुवर्षे एका मेजाभोवती बसून न्याय दिला, त्या सहकाऱ्यांनी न्यायालय म्हणून जाहीर निषेधाचा एक शब्द उच्चारला नाही.

फिसर मात्र गप्प बसले नाहीत. त्यांनी ज्यू समन्वय समितीचे नेतृत्व केले. ज्यू नागरिक हे प्रथम नेदरलँड्सचे नागरिक आहेत आणि त्यांचे रक्षण करणे हे या देशाच्या प्रशासनाचे कर्तव्य आहे, ही त्यांची भूमिका होती. म्हणून जर्मनांशी परस्पर वाटाघाटी करण्यास त्यांचा विरोध होता. पकडून नेलेल्या ज्यू तरुणांसाठी त्यांनी देशाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचे दरवाजे ठोठावले. १७ फेब्रुवारी १९४२ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या निधनापूर्वी जेमतेम पाच आठवडे, १२ जानेवारी १९४२ रोजी, त्यांच्याच जुन्या न्यायालयाने एक निकाल दिला. प्रकरण किरकोळ होते. वस्तूंच्या नियंत्रणाचे नियम मोडल्याबद्दल एका माणसाला शिक्षा झाली होती. अशा आर्थिक गुन्ह्यांसाठी व्यापलेल्या काळात नवी न्यायव्यवस्था हुकुमाने निर्माण करण्यात आली होती. बचावाचे म्हणणे असे की, ही व्यवस्थाच आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध आहे. १९०७ च्या हेग नियमावलीतील ४३ व्या कलमानुसार, परका देश व्यापणाऱ्या सत्तेने अगदीच अशक्य नसेल तर तेथील प्रचलित कायद्यांचा मान राखला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने काय म्हटले? व्यापणाऱ्या सत्तेच्या अधिकाराने निघालेले हुकूम कायदा म्हणूनच मानले पाहिजेत आणि ते ४३ व्या कलमाच्या कसोटीवर तपासण्याचा अधिकार येथील न्यायाधीशाला नाही.

यातील विसंगती पाहा. हेग नियमावली ज्या शहराच्या नावाने जगभर ओळखली जाते, त्याच शहरातील सर्वोच्च न्यायालयाने ती वापरण्यास नकार दिला. निकालाची भाषा शांत आहे, तर्क व्यवस्थित आहे, द्वेषाचा लवलेश नाही. परंतु परिणाम असा झाला की, जर्मन फर्मानांच्या वैधतेवर आक्षेप घेण्याची वाट न्यायालयात जवळजवळ बंद झाली. त्याच वर्षीच्या जुलैपासून आगगाड्या पूर्वेकडे धावू लागल्या. नेदरलँड्समधील सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी १,००,०००हून अधिक परत आले नाहीत. हा सारा संहार त्या निकालाने झाला, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. पण वरिष्ठ न्यायासनाने स्वतःहून बाजूला सरकणे, हे त्या वाटेवरचे एक पाऊल निश्चित होते.

या न्यायाधीशांची बाजू मांडणारे सांगतात की, त्यांनी राजीनामे दिले असते तर त्या खुर्च्यांवर नाझींचे हस्तक बसले असते. अधिक वाईट टाळण्यासाठी ते थांबले. हा युक्तिवाद पोकळ आहे असे कुणी म्हणणार नाही. पण चित्रपटातील न्यायाधीशही अगदी हेच म्हणतात! आणि येथे मुद्दा राजीनाम्याचा नव्हताच. फिसरांना काढले त्या दिवशी निषेधाचा एक ठराव, त्या निकालात आक्षेपाची एक ओळ, एवढे करण्यासाठी खुर्ची सोडावी लागत नव्हती. खुर्ची राखली गेली, पण ती ज्यासाठी राखायची ते काम मात्र सुटले.

आता कुणी म्हणेल, त्या काळी दुसरे करता तरी काय येत होते? इतिहासात याचे उत्तर नावानिशी नोंदलेले आहे.

लायडन विद्यापीठाचे उदाहरण घ्या. तेथील विधिशाखेतील थोर प्राध्यापक एडुआर्ड मेयर्स हे ज्यू असल्याने त्यांना काढून टाकण्यात आले. २६ नोव्हेंबर १९४० रोजी त्यांच्या तासाच्या वेळी विधिशाखेचे प्रमुख आणि त्यांचे शिष्य रुडॉल्फ क्लेव्हरिंगा व्याख्यानपीठावर उभे राहिले. त्यांनी घोषणा दिल्या नाहीत. आपल्या गुरूंची विद्वत्ता किती मोठी आणि त्यांना दूर करणारी कृती किती अधम, एवढेच त्यांनी संयत भाषेत मांडले. घरी त्यांनी सामानाची पेटी भरूनच ठेवली होती, असे सांगतात. त्यांना अटक होऊन काही महिने तुरुंगवास घडला. विद्यार्थ्यांनी संप केला, विद्यापीठ बंद करण्यात आले. जे सर्वोच्च न्यायालयाने आपल्या अध्यक्षासाठी केले नाही, ते एका शिष्याने आपल्या गुरूसाठी केले. मेयर्स छळछावणीतून वाचले आणि पुढे या देशाच्या नव्या नागरी संहितेचे शिल्पकार ठरले.

दुसरे उदाहरण खुद्द न्यायालयातलेच आहे. उत्तरेकडील फ्रीसलंड प्रांतात लेउवार्डन येथे अपील न्यायालय आहे. न्यायालयांनी शिक्षा ठोठावलेले कैदी ओमेनजवळच्या 'एरिका' छावणीत पाठविले जात आणि तेथे त्यांचा अमानुष छळ होई. २५ फेब्रुवारी १९४३ रोजी एका साध्या चोरीच्या अपिलात या न्यायालयाने असे लिहिले की, शिक्षा ज्या पद्धतीने भोगावयास लावली जात आहे ती कायद्याला आणि कायदेकर्त्याच्या हेतूला सोडून आहे, त्यामुळे आरोपीला त्याने चौकशीदरम्यान आधीच भोगलेल्या कैदेपेक्षा अधिक शिक्षा देणे न्यायालयाच्या सद्सद्विवेकबुद्धीला मान्य नाही. प्रांतिक न्यायालयाच्या न्यायाधीशांनी, त्याच कायद्याच्या पुस्तकातून, त्याच झग्यात बसून हे केले! या न्यायाधीशांना पदे गमवावी लागली. पण व्यापलेल्या देशात न्यायाधीशाला काहीच करता येत नाही, हे विधान त्यांनी कायमचे खोटे ठरविले.

तिसरे उदाहरण आमच्या व्यवसायाचे. जर्मनांनी डॉक्टरांसाठी नाझी धोरणाला बांधलेली वैद्यकमंडळाची नवी संघटना सक्तीची केली, तेव्हा 'मेडिश कॉन्टॅक्ट' या गुप्त संघटनेच्या सल्ल्यावरून मार्च १९४३ मध्ये ६,०००हून अधिक डॉक्टरांनी आपण वैद्यकीय व्यवसायाचा अधिकार सोडत असल्याची पत्रे पाठविली. अनेकांनी दारावरच्या पाटीवरील आपल्या व्यवसायाचे नाव झाकून टाकले, रुग्ण मात्र तपासत राहिले. शेकडो डॉक्टरांना अटक झाली. तरी ती संघटना उभी राहू शकली नाही. न्यूरेंबर्गच्या डॉक्टरांवरील खटल्यात काम केलेले लिओ अलेक्झांडर यांनी १९४९ साली लिहिलेल्या प्रसिद्ध लेखात नेदरलँड्सच्या डॉक्टरांचा मुद्दाम गौरव केला. लहानशी तडजोडही न स्वीकारण्यात त्यांचे सामर्थ्य होते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आमचा व्यवसाय म्हणून आम्ही येथेच थांबलो तर ते सत्याला धरून होणार नाही. ज्यू डॉक्टरांना बिगरज्यू रुग्ण तपासण्याची मनाई १९४१ मध्येच झाली होती. तेव्हा असा एकमुखी आवाज उठला नव्हता. व्यवसायाची प्रतिष्ठा धोक्यात आली तेव्हा सारे एकत्र आले. सहव्यावसायिकाची भाकरी गेली तेव्हा नाही. सर्व उदाहरणांतील हे सर्वांत बोचरे सत्य आहे, आणि ते सांगितल्यावाचून कुठल्याही व्यवसायाने आपले गुणगान करू नये.

युद्ध संपल्यावर काय झाले? जर्मन अधिकाऱ्यांवर आणि देशद्रोह्यांवर विशेष न्यायालयांत खटले चालले. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांवर मात्र 'न्यूरेंबर्ग' झाले नाही. चौकशा झाल्या, व्यापणाऱ्यांनी नेमलेली माणसे गेली, परंतु बहुतेक जण पूर्ववत न्यायदान करू लागले. न्यूरेंबर्गलाही शिक्षा टिकल्या नाहीत. श्लेगेलबर्गर प्रकृतीच्या कारणास्तव काही वर्षांत सुटले, रोटहाउगदेखील १९५६ मध्ये बाहेर आले. तेव्हा न्यायाधीशांना खरी शिक्षा तुरुंगाची होत नाही. ती इतिहासाच्या वाचनाची होते. हेगच्या त्या न्यायालयाचा युद्धकाळातील सविस्तर अभ्यास २०११ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. सत्तर वर्षे लागली, पण लिहिले गेले.

काही सुधारणा कायद्यातही झाली. १९५३ च्या घटनादुरुस्तीनंतर येथील न्यायालयांना देशातील कायदा आंतरराष्ट्रीय करारांच्या कसोटीवर घासून पाहता येतो. परंतु सवय कायद्याने सुटत नाही. आपल्या डोळ्यांसमोरचे बालसंगोपन अनुदानाचे प्रकरण आठवा. कागदपत्रांतील किरकोळ उणिवेसाठी हजारो पालकांकडून अनुदानाची संपूर्ण रक्कम परत मागण्यात आली. त्यांत परदेशी मुळाची कुटुंबे मोठ्या संख्येने भरडली गेली. दुहेरी राष्ट्रीयत्वाची माहिती ज्या रीतीने वापरली गेली ती बेकायदेशीर आणि भेदभावाची होती, असे माहिती-संरक्षण प्राधिकरणाने २०२० मध्ये म्हटले. सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने ऑक्टोबर २०१९ पर्यंत 'सगळे किंवा काहीच नाही' हा कठोर अर्थच ग्राह्य धरला होता. डिसेंबर २०२० मधील संसदीय समितीच्या अहवालाने प्रशासनाबरोबर न्यायालयांवरही ठपका ठेवला, जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि पुढे न्यायपीठानेही आपली भूमिका अतिकठोर होती हे मान्य केले. या प्रकरणाची तुलना नाझी काळाशी करणे सर्वस्वी चूक ठरेल. पण समोर आलेल्या माणसाऐवजी नियमाच्या अक्षराकडे पाहण्याची सवय तीच आहे. लोकशाहीत ती मान्य तरी झाली, हा लोकशाहीचा मोठेपणा.

आता मायदेशाकडे वळू. आपल्या समाजाला हा चित्रपट समजावून सांगावा लागत नाही, याचे कारण उघड आहे. कायदा आहे म्हणून तो न्याय्य आहे, असे मानण्याची चैन आपल्याला कधीच परवडली नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले, ते एका कायद्याचेच दहन होते. तो कायदाही विद्वानांनी लिहिला, विद्वानांनी अर्थ लावला आणि विद्वानांनी निवाडे दिले. म्हणूनच बाबासाहेबांच्या नेतृत्वाखालील मसुदा समितीने भारतीय न्यायाधीशाला हेगच्या न्यायाधीशासारखी पळवाट ठेवली नाही. संविधानाच्या १३ व्या कलमानुसार मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा त्या विसंगतीपुरता शून्यवत ठरतो. ३२ व्या कलमाने नागरिकाला थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार उघडून दिले. त्यालाच बाबासाहेबांनी संविधानाचे हृदय आणि आत्मा म्हटले.

तरीही कलमे स्वतः बोलत नाहीत. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, जबलपूर प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ठरविले की, स्थानबद्ध माणसाला त्या काळात उच्च न्यायालयात सुटकेची दाद मागता येणार नाही. नऊ उच्च न्यायालयांनी उलट भूमिका घेतली होती, हे विशेष. त्या चौघांत मराठी मातीतील एक विद्वान न्यायाधीशही होते, यशवंत विष्णू चंद्रचूड. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले. पुढील वर्षी सेवाज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला देण्यात आले आणि खन्ना यांनी राजीनामा दिला. ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताचा तो निकाल चुकीचा ठरविला. तसे लिहिणाऱ्यांत धनंजय चंद्रचूड होते, त्याच यशवंतरावांचे पुत्र! पुत्राने पित्याचा निकाल पुसला. याहून स्वच्छ न्यायदान कोणते?

पण राजकीय कैद्यांच्या प्रकरणाला निदान इतिहासात जागा मिळते. आपल्या माणसांचे खटले तालुक्याच्या ठिकाणी, पोलीस ठाण्यातील पंचनाम्यात आणि शवविच्छेदनाच्या टेबलावरच हरलेले असतात. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एकाच दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. शवविच्छेदनाविषयी सुरुवातीपासून गंभीर आक्षेप घेतले गेले. सत्र न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरविले, तरी अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही तो लागू केला नाही आणि फाशीच्या शिक्षा कमी केल्या. शिक्षा झाली, पण जातीचा शब्द निकालाच्या निष्कर्षातून बाहेर राहिला. डॉक्टर म्हणून आम्हांला येथे पुनःपुन्हा थांबावे लागते. न्यायाधीशाच्या मेजावर जो कागद पोहोचतो, त्यातील पहिला कागद बहुधा डॉक्टराचा असतो. जखम कुठे, किती खोल, कशाने झाली, हे जर तेथे नीट लिहिलेले नसेल, तर पुढील सारी न्यायालये आंधळी होतात. त्यातही पहिली सहीच महत्त्वाची.

तरुण मित्रांनो, आपले आजोबा निरक्षर होते, ते अंगठा उठवीत. आज आपल्यापैकी कुणी डॉक्टर आहे, कुणी अभियंता, कुणी अधिकारी, कुणी संगणकतज्ज्ञ. उद्या कुणी या देशात न्यायाधीशही होईल. बाबासाहेबांच्या 'शिका' या आदेशाने आपल्या हाती जी मोठी वस्तू आली, ती म्हणजे सही. तिने कुणाला घर मिळते, कुणाचे अनुदान थांबते, कुणाचा अर्ज फेटाळला जातो, कुणाची जखम नोंदविली जाते. ज्यांच्या पूर्वजांवर इतरांच्या सह्यांनी अन्याय झाला, त्यांनी तरी आपली सही न वाचता करू नये.

संविधान कितीही चांगले असले तरी ते राबविणारी माणसे वाईट निघाली तर ते वाईट ठरते, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. तो इशारा आपल्याला राज्यकर्त्यांसाठी वाटतो. वस्तुतः तो प्रत्येक मेजामागे बसलेल्या माणसासाठी आहे, म्हणजे आपल्यासाठीही आहे.

शेवटी या संस्थेच्या कार्यकारिणीपुढे आम्ही एक साधी सूचना ठेवतो. येत्या वर्षात एका रविवारी हा चित्रपट आपल्या मुलांसह एकत्र पाहावा. तो संपल्यावर दिवे लागले की चहापानाला उठण्यापूर्वी मुलांना फिसर, क्लेव्हरिंगा, लेउवार्डनचे न्यायाधीश आणि न्यायमूर्ती खन्ना यांच्या हकीकती सांगाव्यात. त्या नमुन्याची गोष्टही सांगावी, ज्यावर केवळ एक छोटीशी सही हवी होती. मग त्यांनाच विचारावे, तुम्ही असता तर काय केले असते? उत्तर देण्याची घाई त्यांना करू देऊ नये. तो प्रश्न घेऊन ती मोठी झाली, तर आपल्या या मेळाव्यांचे सार्थक झाले असे आम्ही समजू.